पालातून आलेली पुस्तकं



मागच्या भागात आपण जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोललो. त्यानंतर गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न आमच्याकडे आला. ओवी म्हणायला जातं लागतं. जातं मांडायला घर लागतं. मग ज्यांना घरच नव्हतं, त्या बायकांनी आपलं सुखदुःख कशावर बसून गायलं? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपल्या सातारा-सांगलीचा एक वेगळाच इतिहास समोर येतो. आज तोच सांगायचा आहे.

आधी हे बघू, की घर नसलेली माणसं आपल्याकडे कोण होती. लांब जायला नको. सुगी झाली की गावाबाहेरच्या माळावर, ओढ्याकाठी, देवळामागं पालं पडायची. कैकाडी यायचे. फोकाच्या पाट्या, दुरड्या, कणग्या, कोंबड्या झाकायची डालगी विणून द्यायचे. वडार दगड फोडायचे. पाथरवट आणि टकारी जात्याला टाकी लावून द्यायचे. घिसाडी विळा-खुरपं शेवटून द्यायचे. गोंधळी, वासुदेव, पिंगळा, नंदीवाले, डोंबारी, गोपाळ, बहुरूपी, पोतराज, माकडवाले, दरवेशी, वैदू असे कितीतरी. गाढवावर किंवा तट्टावर बिऱ्हाड. तीन दगड मांडले की चूल झाली, चार काठ्या रोवून वर गोधडी टाकली की घर झालं. तीन-चार दिवसांनी पाटलाचा निरोप आला की ते घर मोडून पुढच्या गावाला जायचं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्या आज्यांनी ज्या जात्यावर ओव्या गायल्या, त्या जात्याला टाकी लावणारी बाई बिनघराची होती. तिच्या हाताच्या ठोक्यानं जातं दळायला लागायचं आणि आपल्या घरातलं गाणं सुरू व्हायचं. तिचं गाणं मात्र आपल्या वहीत कुठं नाही.

कोणी म्हणेल, या लोकांकडे कला होती की. होतीच. सकाळी वासुदेव यायचा, पहाटे पिंगळा बोलायचा, लग्न झालं की गोंधळ घालायचा, डोंबाऱ्याची पोरगी दोरावरून चालायची. सगळी कलेचीच माणसं. पण त्या कलेत त्यांचं स्वतःचं काय होतं? वासुदेव दान घेऊन आपल्या वाडवडिलांची नावं घ्यायचा, स्वतःच्या बापाचं नाव नाही. पिंगळा आपल्या घरात काय घडणार ते सांगायचा, त्याच्या पालात काल काय घडलं ते नाही. बहुरूपी कधी फौजदार व्हायचा, कधी डॉक्टर, कधी देव. सगळी सोंगं करायचा, फक्त एक सोंग करायचा नाही: रात्री उपाशी झोपलेल्या लेकरांच्या बापाचं. ते बघायला कोण पसाभर जोंधळे देणार? कला पोटासाठी होती, आणि ज्याच्या दारात उभं राहायचं त्याला आवडेल तेच गायचं होतं. स्वतःचं सांगायला मुभा नव्हती.

त्यात कायद्याची भर पडली. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. एका जातीत जन्मला म्हणजे तो जन्मानंच चोर, असं कागदावर लिहिलं गेलं. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडे होता. १९११ साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला आणि १९२४ साली आणखी पक्का केला. गावोगाव हजेरी सुरू झाली. गाव सोडायचं तर दाखला, दुसऱ्या गावात गेलं तर पुन्हा हजेरी. काही जमातींना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत कोंडलं. सोलापूरची सेटलमेंट आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ऐकून माहीत असेल. सातारा भागातल्या मांग आणि रामोशी समाजानंही हजेरीचा जाच सोसला.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे लोक मोकळे झाले १९५२ साली, ३१ ऑगस्टला, तो कायदा रद्द झाला तेव्हा. म्हणून आजही भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तीचा दिवस मानतो. आपल्या गटात १५ ऑगस्टला झेंडावंदनाला जातो, तेव्हा या सोळा दिवसांनंतरच्या तारखेचीही आठवण ठेवायला हवी. कायदा गेला तरी संशय गेला नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा आला आणि गावात चोरी झाली की पोलीस पालावर जायचे ते जातच राहिले.

आता आपल्या मातीतल्या एका माणसाकडे येऊ. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण १९२० साली ते सातारा जिल्ह्यातच होतं. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. म्हणजे आपण सातारकर आणि सांगलीकर तसे एकाच घरचे. त्या वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मले. आपण त्यांना अण्णा भाऊ साठे म्हणतो. शाळा म्हणाल तर नावापुरती. पुढं पोट भरेना म्हणून सगळं कुटुंब पायी मुंबईला निघालं. एसटी नाही, रेल्वेला पैसे नाहीत. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथं मुक्काम करायचा, असं करत ते मुंबईला पोचले. ती वाट चालताना त्या माऊलीनं, वालुबाईंनी, रोज कुठं चूल मांडली असेल, याचा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही. आपण बायकांनी तो मनात करावा.

मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत राबले. अक्षरं स्वतःच्या जिद्दीनं शिकले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं. पावसाळ्यात गळणाऱ्या खोपटात बसून त्या माणसानं कथा, कादंबऱ्या, पोवाडे, लावण्या, वगनाट्यं यांचा ढीग रचला. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती आपल्याच भागातली, वारणाकाठची गोष्ट. हजेरीचा जाच, दुष्काळ आणि भुकेल्या लोकांसाठी इंग्रजांच्या विरोधात उभा राहिलेला मांगाचा गडी. सरकारी कागदात जो चोर होता, त्याला अण्णा भाऊंनी पुस्तकात नायक केला. कागदाला कागदानं उत्तर दिलं.

आणखी एक सांगायला हवं. अण्णा भाऊंच्या कितीतरी पुस्तकांची नावं बायकांची आहेत. वैजयंता, चित्रा, चंदन, आवडी. 'वैजयंता' तमाशातल्या बाईची गोष्ट सांगते. अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, त्यावर पुस्तक लिहिलं. पण पक्कं घर त्यांना मिळालं ते आयुष्याच्या शेवटी, गोरेगावला. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, वय ४८. भारत सरकारनं २००२ साली त्यांचं टपाल तिकीट काढलं, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. जिवंतपणी छप्पर गळत राहिलं आणि मेल्यावर पुतळे झाले, हे आपल्याकडे नेहमीचंच.

अण्णा भाऊंनी वाट पाडली, पण पालातली माणसं स्वतः लिहायला लागायला आणखी काही गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, स्वतः कामं करून एका पंगतीत जेवायची. पुढं सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा आल्या. ज्याला घर नाही त्याच्या पोराला शिकायचं तर आधी मुक्काम हवा, ही गोष्ट कर्मवीरांना कळली होती. ज्याचं गाव दर आठवड्याला बदलतं, तो पहिली तरी कुठं पास होणार?

दुसरी गोष्ट म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं दिलेलं धाडस. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं आणि त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. ही पृथ्वी कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. आपलं आयुष्य, जसं जगलो तसं, आपल्या बोलीत लिहिलं तरी ते साहित्य होतं, हे लोकांना कळलं.

आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं. माने फलटण तालुक्यातले, कैकाडी समाजातले. गाढवावर बिऱ्हाड, आईबाप दिवसभर फोक तासून टोपल्या विणणारे. बाप पोराला शाळेत घालतो. शाळेत मुलं चिडवतात, इकडं जातपंचायत जाब विचारते. दोन्हीकडून मार. ज्या गावात बसायचं त्या गावाचे नाही, ज्या जातीत जन्मलो तिचेही पुरते नाही, म्हणून उपरा. १९८१ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या टोपलीत आपण भाकरी ठेवत होतो, त्यांच्या घरातलं पोरगं देशाच्या पुरस्कारापर्यंत गेलं आणि ते गेलं स्वतःची गोष्ट सांगून.

मग वाट वाहती झाली. १९८३ साली दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ' आलं. ते कुडमुडे जोशी समाजाचं जगणं सांगतं. गबाळ म्हणजे पाठीवर, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. साताऱ्याचे पार्थ पोळके यांनी पोतराजाचं आयुष्य 'आभरान'मध्ये लिहिलं. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आलं, त्यालाही साहित्य अकादमी मिळाली. त्याच सुमाराला सीमाभागातून, बेळगावकडून, भीमराव गस्ती यांचं 'बेरड' आलं. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं आणि या लेखकानं आपल्या नावात आईचं नाव लावलं.

या नावांकडे एकदा नीट बघा. उपरा, उचल्या, बेरड, कोल्हाट्याचं पोर. या सगळ्या गावानं दिलेल्या शिव्या किंवा हिणवणारी नावं. तीच यांनी पुस्तकावर छापली. तुम्ही मला हे म्हणता ना, मग हा मी, घ्या वाचा, असं.

आता तुम्ही विचाराल, यात बायका कुठं आहेत? आम्हालाही हाच प्रश्न पडला. वर घेतलेली सगळी नावं पुरुषांची. पालातल्या आईची गोष्ट या पुस्तकांत येते, पण ती मुलाच्या डोळ्यांनी येते. मुलगा शिकला, त्यानं आईचं दुःख लिहिलं, चांगलंच केलं. पण मुलाला कळणार नाही असं आईजवळ बरंच असतं.

ते सांगायला बायकांना आणखी थोडा वेळ लागला. १९९२ साली गोपाळ समाजातल्या जनाबाई गिऱ्हे यांचं 'मरणकळा' आलं. पुढं विमल मोरे यांचं 'तीन दगडांची चूल' आलं. या नावातच सगळं आहे. पुरुषानं पुस्तकाला गबाळ म्हटलं, उपरा म्हटलं. बाईनं पुस्तकाला चूल म्हटलं. पुरुषाला दिसला रस्ता, तर बाईला त्या रस्त्यावर रोज नव्यानं मांडायची चूल दिसली. सरपण कुठून आणायचं, पाणी कोण भरू देईल, उघड्यावर अंघोळ कशी करायची, पाळी आली तर काय, कळा सुरू झाल्या आणि बिऱ्हाड हलायचं असलं तर काय, वयात आलेल्या लेकीला रात्री पालात कशी झाकायची. घर नसणं म्हणजे बाईला नेमकं काय नसतं, हे तिच्याच तोंडून ऐकावं लागतं. भिंत नसते, हे कोणीही सांगेल. दाराला कडी नसते, हे बाई सांगते.

घर नसलेल्या, फिरत्या लोकांच्या बायका जगात दुसरीकडेही अशाच लिहित्या झाल्या. युरोपात रोमा म्हणून भटका समाज आहे. ऑस्ट्रिया देशातल्या चेया स्टोयका या रोमा बाईचं कुटुंब घोड्यांचा व्यापार करत गाडीतून फिरायचं. हिटलरच्या लोकांनी त्यांना पकडून छळछावण्यांत टाकलं. ती लहान मुलगी होती. तीन छावण्यांतून ती जगली. पुढं बाजारात गालिचे विकून संसार केला. पन्नाशी उलटल्यावर तिनं आपली कहाणी लिहिली. १९८८ साली पुस्तक आलं, मग ती चित्रं काढायला लागली. कुठल्या चित्रकलेच्या शाळेत गेली नव्हती. आज तिची चित्रं मोठमोठ्या ठिकाणी लावतात. आपल्याकडे 'उपरा', 'गबाळ', 'उचल्या' आली तीच ही वर्षं. हजारो कोसांवरच्या भटक्या माणसांना एकाच काळात वाटलं, की आता आपण बोललं पाहिजे.

पण मैत्रिणींनो, घर असलं म्हणजे बाईला आपलं म्हणणं मांडता येतं, असंही नाही. त्यासाठी फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट सांगतो. त्यांना घर होतं, किराणा मालाचं दुकान होतं. दुकानात बसून, सामान बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या. त्यातून लिहायची इच्छा झाली. गिऱ्हाईक नसताना लिहायच्या आणि कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून कागद लपवून ठेवायच्या. घरच्यांना, नवऱ्याला कळू दिलं नाही. कित्येक वर्षं ते लिखाण तसंच दडून राहिलं. पुढं ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आज ते देशाबाहेरही वाचतात. याच बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे इथं मागास समाजातल्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. स्वतःचे कागद लपवून ठेवावे लागलेल्या बाईनं बिनघराच्या लेकरांना पाटी दिली. २०१२ साली त्या गेल्या.

बेबीताईंचं घर त्यांचं होतं, पण त्यात कागद ठेवायला हक्काचा कोनाडा नव्हता. आपल्यापैकी कितीजणींकडे आहे? माहेर भावाचं, सासर नवऱ्याचं. नवऱ्यानं हाकललं की बाई बेघर होते, मग वाडा दोन मजली का असेना. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट यांच्या सोबतीनं स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिनं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र केलं. आम्हाला पोटगीच्या चार पैशांवर भागवू नका, घराला जागा द्या, आमच्या नावाचं रेशन कार्ड द्या, अशी मागणी करत या बायका मोर्चाला निघाल्या. पालातली बाई आणि टाकलेली बाई यांची मागणी एकच आहे. माझ्या नावाचा कागद असावा आणि त्यावर माझा पत्ता असावा.

हा पत्त्याचा मुद्दा आपल्या आजच्या विषयाशी कसा जोडलेला आहे ते बघा. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला काढायचा असेल, तर त्याचं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी महाराष्ट्रात राहात होतं, याचा पुरावा मागतात. आता सांगा, ज्यांचं बिऱ्हाड दर आठवड्याला हलत होतं, त्यांनी १९६१ सालचा कोणता उतारा आणायचा? सात-बारा नाही, घरपट्टी नाही, आजा शाळेत गेला नाही. ज्या कारणामुळं सवलत द्यायची, त्याच कारणामुळं ती अडते. आपल्या पुस्तकातल्या बायका हे सगळं सोसून शिकल्या. ज्या शिकल्या नाहीत, त्यांच्या गोष्टी अजून तोंडातच आहेत. आणि तोंडातली गोष्ट माणसाबरोबर जाते.

सरकारच्या योजना आहेत. २००८ साली केंद्राच्या रेणके आयोगानं या समाजांच्या हलाखीचा अहवाल दिला. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात भटक्या-विमुक्त कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर देण्याची तरतूद आहे. मतदार यादीत नाव घालताना बेघर माणसाकडं पत्त्याचा कागद मागत नाहीत. तो रात्री जिथं झोपतो तिथं बीएलओनं जाऊन खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हे तुमच्या गावच्या पालावरच्या माणसांना माहीत आहे का, एवढं जरी आपण विचारलं तरी फरक पडेल.

आणि आजची पालं बघायला लांब जायचं नाही. दिवाळी झाली की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाच्या कडेला कोप्या पडतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या. पहाटे उठून त्या बाईनं भाकरी थापलेल्या असतात आणि आपण उठायच्या आत ती फडात मोळी बांधत असते. चार-पाच महिने ती आपल्या शिवारात राहते. आपण तिला ऊसतोडवाली म्हणतो. ती गाते का, काय गाते, तिच्या लेकराचं नाव काय, हे किती गटांना माहीत आहे?

आम्ही बचत गटांसोबत काम करतो. आमच्याकडे बाई आली की पहिला प्रश्न असतो, आधार कार्ड आहे का, पत्ता काय. बँकेला ते लागतंच. पण पत्ता विचारायच्या आधी तिला तिचं नाव आणि तिची गोष्ट विचारता येते. त्याला कुठला कागद लागत नाही. म्हणून सगळ्या गटांना आमचं एक सांगणं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे.

पहिलं, गावच्या वाचनालयात 'उपरा', 'फकिरा', 'जिणं आमुचं', 'तीन दगडांची चूल' यातलं कोणतंही पुस्तक आहे का ते बघा. नसेल तर मागवायला सांगा. मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एकीनं चार पानं मोठ्यानं वाचावीत. बाकीच्यांनी ऐकावीत. वाचता येत नाही, ही अडचण उरत नाही.

दुसरं, तुमच्या शिवारात कोप्या असतील, माळावर पालं असतील, तर तिथल्या बायकांना आपल्या केंद्रावर गाणं म्हणायला, गोष्ट सांगायला बोलवा. आम्ही रेकॉर्ड करू. पण काही पथ्यं पाळायची. आधी विचारायचं. नाव सांगायचं की नाही ते तिनं ठरवायचं. तिचा फोटो काढून फोनवर फिरवायचा नाही. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती गटानं द्यायची, कारण फुकट गाऊन घ्यायची जुनी सवय आपल्याला मोडायची आहे. आणि तिनं काय गायचं ते आपण सांगायचं नाही. आशीर्वादाचं गाणं तिच्या आजीनं आपल्या दारात खूप गायलंय. या वेळी तिला स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते ऐकायचं. नाही सांगायचं म्हणाली तर चहा पाजून, गप्पा मारून परत पाठवायचं.

तिसरं, ३१ ऑगस्टला गटाच्या बैठकीत या मुक्तीच्या दिवसावर पाच मिनिटं तरी बोला. आपल्या मुलांच्या पुस्तकात ही तारीख शोधा, सापडली तर त्यांना दाखवा, नाही सापडली तर त्यांच्या गुरुजींना विचारा.

मांगवाड्यातला पोरगा, टोपली विणणाऱ्याचा पोरगा, पोतराजाचा पोरगा, किराणा दुकानातली बाई, गोपाळाची लेक. यांनी लिहिलं म्हणून आपल्याला आपलाच जिल्हा पुरता कळला. त्याआधी आपल्याला गावकुसाच्या आतलाच सातारा आणि आतलीच सांगली माहीत होती. बाहेरच्या माळावर जे घडत होतं ते आपल्या इतिहासात नव्हतं. अजून बरंच यायचं आहे. ऊसतोडीच्या कोपीतली बाई बोलेल तेव्हा ते येईल. येत्या हंगामात ती पुन्हा आपल्या शिवारात येणार आहे. तिला बोलवायची तयारी आत्तापासून ठेवा, आणि कोणत्या गटानं कोणाला बोलवलं ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात तिचा आवाज ऐकवता आला तर आम्हाला फार आनंद होईल.